वकील परवडत नाही, म्हणून हक्क सोडू नका



आपल्या सोलापुरात कितीतरी मुलांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर असतात. अशा घरात वाटणीच्या दाव्याचं समन्स आलं की ते फडताळात पडून राहतं. "वकिलाला द्यायला पैसे कुठून आणायचे?" हा एकच प्रश्न. पण वकील नसल्यामुळे जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त गप्प बसल्यामुळे होतं.

आधी अपूर्णांकाचं एक खरं उदाहरण बघू. १९६० साली खंडाप्पा मगदूम वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. हिराबाईंनी १९६३ मध्ये सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे पती, पत्नी आणि दोन मुलगे असे चार वाटे होत होते, म्हणजे हिराबाईंचा स्वतःचा वाटा १/४. शिवाय पतीचा १/४ वाटा सहा वारसांत वाटला जाणार, त्यातला त्यांचा १/२४. बेरीज केली की ७/२४. खालच्या न्यायालयाने १/२४ एवढाच दिला होता. उच्च न्यायालयाने ७/२४ दिला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच कायम केला. हिराबाई थांबल्या असत्या, तर सातातले सहा भाग गेले असते!

त्यानंतर कायदा बदलला. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. म्हणून जुन्या गणिताचं उत्तर आजच्या घराला जसंच्या तसं लावू नका.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते पाहू.

१) समन्स घ्या आणि तारीख लिहून ठेवा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते. अडचण असेल तर न्यायालय मुदत वाढवू शकतं, पण तसा अर्ज करावा लागतो. कोणी हजरच राहिलं नाही, तर दावा एकतर्फी चालतो.

२) मोफत वकील मागा. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. वकिलाची फी तर नाहीच, कोर्ट फी आणि इतर खर्चाचीही मदत मिळते. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे.

३) कागद गोळा करा. शेतीसाठी सातबारा आणि फेरफार, शहरातल्या घरासाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका. सोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेली वंशावळ. वकील मोफत असला तरी हे कागद आपणच त्याच्या हातात द्यायचे असतात.

४) वाचल्याशिवाय सही करू नका. "नुसती सही कर गं, बाकी आम्ही बघतो," असं म्हणून बहिणीपुढे ठेवलेला कागद बऱ्याचदा हक्कसोडपत्र असतो. एकदा त्याची नोंदणी झाली की तो फिरवणं फार अवघड जातं. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, नातंही टिकतं. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. म्हणून आकडा आधी स्वतः मांडून बघा.

स्वतःची बाजू स्वतः मांडायलाही कायद्याने परवानगी आहे. पण मोफत वकील मिळत असताना एकट्याने का लढायचं?

शिक्षक मित्रांनो, आपण कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही. पण एखाद्या आईने समन्स दाखवलं, तर ते वाचून दाखवणं, तारीख वहीत मोठ्या अक्षरात लिहून देणं आणि प्राधिकरणाचं कार्यालय कुठे आहे ते सांगणं, एवढं आपल्याला नक्की जमतं.