दुबईला जाताय? तिकीट काढण्याआधी विमानतळ कोणता ते पाहा

सुट्टी लागली की शाळेतले पालक मला हमखास एक प्रश्न विचारतात, "सर, दुबईचं तिकीट स्वस्त कुठून मिळेल?" कुणाचा मुलगा तिथे नोकरीला असतो, कुणाचे भाऊजी, कुणाची खाला. मी त्यांना उलट विचारतो, "तुमचे लोक राहतात कुठे?" कारण दुबईला जायचं म्हणजे दुबईच्याच विमानतळावर उतरायचं, असं काही नाही.

ही गोष्ट मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी अम्मीला घेऊन आम्ही चौघे धाकट्या भावाकडे गेलो. तो जेबेल अलीला राहतो. शारजाचं तिकीट माणशी बाराशे रुपयांनी स्वस्त होतं. अठ्ठेचाळीसशे रुपये वाचले म्हणून मी खूश! विमान संध्याकाळी साडेसहाला उतरलं. भाऊ ड्युटी संपवून मित्राच्या गाडीने निघाला तो थेट ट्रॅफिकमध्ये अडकला. दुबईत काम करणारे हजारो लोक शारजात भाड्याने राहतात, ते सगळे त्याच वेळी घरी निघालेले. तो पोहोचला पावणेनऊला. तोवर शुगरची पेशंट असलेली अम्मी बॅगांच्या ट्रॉलीजवळ बसून होती. तिने तक्रार केली नाही, पण तिचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. चूक विमानाची नव्हती, विमानतळाचीही नव्हती. हिशोब माझा चुकला होता.

म्हणून हा हिशोब नीट समजून घेऊया.

दुबई आणि आसपास मिळून चार मुख्य विमानतळ आहेत. तिकिटावर त्यांची तीन अक्षरं छापलेली असतात, ती ओळखायला शिका.

डीएक्सबी हा दुबईचा मुख्य विमानतळ. तो शहरातच आहे, देरा भागापासून अगदी जवळ. याचे तीन टर्मिनल आहेत. टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रोची रेड लाइन लागते. तिने युनियन स्टेशनला जाऊन ग्रीन लाइन पकडली की अल कुसैसपर्यंत जाता येतं. रेड लाइनवरच बसून राहिलात तर थेट जेबेल अलीकडे. टर्मिनल २ मात्र धावपट्टीच्या दुसऱ्या बाजूला आहे आणि तिथे मेट्रो नाही. नातेवाईक टर्मिनल ३ ला उभे आणि आपण २ मधून बाहेर, असं पुष्कळदा होतं. तेव्हा तिकिटावरचा टर्मिनल नंबर त्यांना आधीच कळवा.

डीडब्ल्यूसी म्हणजे अल मकतूम विमानतळ. हाही दुबईचाच, पण शहराच्या दक्षिणेला, जेबेल अलीच्या बाजूला. इथे प्रवासी विमानं २०१३ पासून येतात. देरात घर असेल तर हा लांब पडतो, जेबेल अलीत असेल तर सोयीचा. दुबई सरकारने २०२४ मध्ये इथे मोठं नवं टर्मिनल बांधायला मंजुरी दिली आहे आणि पुढे मुख्य विमानतळाचं काम इकडेच हलवायचं ठरलं आहे. म्हणजे आजचा हिशोब दहा वर्षांनी बदलेल.

एसएचजे म्हणजे शारजा. एअर अरेबियाचं मुख्य ठाणं इथेच आहे, त्यामुळे स्वस्त तिकिटं बरीच दिसतात. तुमचे लोक शारजात, अजमानमध्ये किंवा दुबईच्या अल नहदा, अल कुसैस भागात राहत असतील तर बिनधास्त घ्या. माझ्या शेजाऱ्यांची मुलगी अल नहदाला असते. ते नेहमी शारजालाच उतरतात आणि त्यांचं बरोबर आहे. मला महाग पडलं तेच त्यांना स्वस्त पडतं.

एयूएच म्हणजे अबुधाबी. तिथून दुबई बरीच लांब. काही विमान कंपन्या आपल्या प्रवाशांसाठी दुबईपर्यंत बस देतात, पण ती आधी बुक करावी लागते. ती मिळत असेल तरच विचार करा.

आता तिकीट काढण्याआधी घरात बसून पाच प्रश्न विचारा.

पहिला, घर नेमकं कुठल्या भागात? नकाशावर अंतर बघा. दुसरा, विमान किती वाजता उतरतं? मेट्रो रात्रभर चालत नाही. मध्यरात्रीनंतर उतरलात तर टॅक्सी किंवा नातेवाइकांची गाडी, एवढंच उरतं. तिसरा, सोबत कोण? एकटा तरुण बॅग पाठीला लावून कुठूनही जाईल. म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं असतील तर घराजवळचा विमानतळच बरा. चौथा, सामान किती? स्वस्त तिकिटात किती किलो चालतं ते वाचा. आंबे, पापड, लोणचं भरल्यावर विमानतळावर जादा पैसे भरायची पाळी नको. पाचवा, घ्यायला येणाऱ्याची त्या दिवशी ड्युटी आहे का? त्याचा बुडालेला पगारही आपल्याच प्रवासाचा खर्च आहे.

या सगळ्याची बेरीज तिकिटाच्या किमतीत करा. टॅक्सीचे दिरहम रुपयांत मोजा, येताना आणि जाताना दोन्ही वेळचे. टोल धरा. मग जे तिकीट स्वस्त निघेल ते खरं स्वस्त. व्हिसा अमिरातीचा असला तरी कुठल्या विमानतळावर उतरणार ते एजंटला सांगून खात्री करून घ्या.

हाच हिशोब आता आपल्या बाजूलाही करावा लागणार. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. रायगड, रत्नागिरीकडच्या माणसाला तो वाटेवर पडतो, मिरा रोडच्या माणसाला मुंबईचा जुनाच जवळ. तेव्हा निघायच्या आधी तिकिटावर दोन्हीकडचे विमानतळ तपासा. मुंबई म्हटलं की सहारला जाणारे अजून पुष्कळ आहेत.

पुढच्या वेळी आम्ही अम्मीला डीएक्सबीला उतरवलं. तिकीट थोडं महाग पडलं, पण तासाभरात ती नातवंडांमध्ये बसून चहा पीत होती. अल्लाह सगळ्यांचा सफर सोपा करो.