सदोष यंत्रांतून विश्वसनीय व्यवस्था : वितरित संगणनातील सहमतीचा प्रश्न



एकाच संगणकावर सोपवलेले काम तो बंद पडताच थांबते. म्हणून बँकेतील खाती किंवा विमानाचे नियंत्रण यांसारखी कामे अनेक संगणकांवर विभागली जातात. हे संगणक परस्परांना संदेश पाठवून एकत्रितपणे काम करतात. या पद्धतीला ‘वितरित संगणन’ असे म्हणतात. यंत्रांची संख्या वाढली की त्यांपैकी एखादे बिघडण्याची शक्यताही वाढते. अशा वेळी उरलेल्या यंत्रांनी एकाच निर्णयावर कसे यावे? तुमच्या खात्यातील शिलकेबद्दल दोन यंत्रे दोन उत्तरे देऊ लागली, तर त्या नोंदीला काही अर्थ उरत नाही. बिघाड गृहीत धरूनही ही सहमती घडवणाऱ्या कार्यपद्धतीला ‘दोषसहिष्णू अल्गोरिदम’ म्हणतात. त्याची शक्ती आणि मर्यादा आपण या विभागात समजून घेऊ.

१. बिघाडाचे दोन प्रकार

पहिल्या प्रकारात यंत्र थांबते आणि गप्प होते. दुसऱ्या प्रकारात ते चालूच राहते. परंतु एकाला एक आणि दुसऱ्याला भलतेच सांगते. हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे. अमेरिकेतील एसआरआय या संशोधन संस्थेत नासासाठी विमाननियंत्रक संगणक घडवला जात असताना हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. मार्शल पीज, रॉबर्ट शोस्टाक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० मध्ये त्याची गणिती मांडणी केली आणि १९८२ मध्ये त्याला ‘बायझंटाईन सेनापतींचा प्रश्न’ हे नाव दिले.

२. फितूर सेनापती

एका शहराला वेढा पडला आहे. एक सरसेनापती आणि दोन सरदार जासुदांकरवी निरोप पाठवतात. तिघांपैकी एक फितूर आहे. तो कोण, हे ठाऊक नाही. प्रामाणिक सरदारांनी एकच निर्णय घ्यावा आणि सरसेनापती प्रामाणिक असल्यास त्याचा हुकूम पाळावा, एवढीच अपेक्षा आहे.

पहिल्या सरदाराला सरसेनापतीकडून ‘हल्ला’ असा हुकूम येतो. दुसरा सरदार मात्र कळवतो, “मला माघारीचा हुकूम आहे.” येथे दुसरा सरदार खोटे बोलत असेल किंवा सरसेनापतीनेच दोघांना वेगवेगळे हुकूम दिले असतील. पहिल्या सरदाराला दोन्ही परिस्थितींत तेच शब्द ऐकू येतात. सरसेनापती कदाचित प्रामाणिक असेल, म्हणून त्याला हुकूम पाळणे भाग आहे. पण सरसेनापतीच फितूर असेल, तर याच न्यायाने दुसरा सरदार माघार घेईल आणि सैन्य दुभंगेल. म्हणजेच तिघांत एक फितूर असता सहमतीची हमी देता येत नाही.

आता सरदार तीन आहेत असे माना. प्रत्येकाने आपल्याला मिळालेला हुकूम इतर दोघांना कळवावा आणि हाती आलेल्या तीन निरोपांतील बहुमत मानावे. सरसेनापती प्रामाणिक असेल, तर प्रत्येक प्रामाणिक सरदाराकडे किमान दोन खरे निरोप असतात. सरसेनापती फितूर असेल, तर तिन्ही सरदार प्रामाणिक ठरतात. त्यांच्यासमोर तेच तीन निरोप असतात आणि बहुमतही एकच निघते. यावरून सर्वसाधारण नियम असा मिळतो : ‘फ’ इतकी फितूर यंत्रे सहन करायची, तर एकूण किमान ३फ + १ यंत्रे हवीत. निरोपावर बनावट करता न येणारी मोहर उमटवता आली, तर ही अट शिथिल होते. आजची डिजिटल स्वाक्षरी ही तशीच मोहर आहे.

यंत्रे केवळ थांबणारी असतील, तर २फ + १ पुरेशी ठरतात. पाच यंत्रांपैकी कोणत्याही तिघांचा एक गट आणि कोणत्याही तिघांचा दुसरा गट घ्या. दोन्हींत किमान एक यंत्र समान असते. पूर्वीचा निर्णय त्या यंत्राला ठाऊक असल्याने नवा निर्णय त्याच्या विरुद्ध जात नाही. लॅम्पोर्ट यांचा ‘पॅक्सॉस’ (१९९८) आणि त्यानंतरचा, समजण्यास सुलभ असा ‘राफ्ट’ (२०१४) हे अल्गोरिदम याच तत्त्वावर उभे आहेत.

३. मौनाचा अर्थ

मोबाईलवरून पैसे पाठवताना कधी ‘व्यवहार प्रलंबित’ असे दिसते. पलीकडचे उत्तर आलेले नसते. पण यंत्र बंद पडले आहे की संदेशाला उशीर होत आहे, हे मौनावरून कळत नाही. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी १९८५ मध्ये पुढील गोष्ट सिद्ध केली : संदेशांच्या विलंबाला कोणतीच मर्यादा नसेल आणि एखादे यंत्र थांबण्याची शक्यता असेल, तर नशिबाचा आधार न घेता प्रत्येक वेळी निर्णयापर्यंत नेणारा अल्गोरिदम असूच शकत नाही.

मग व्यवहार कसे चालतात? १९८८ मध्ये सिंथिया ड्वोर्क, नॅन्सी लिंच आणि लॅरी स्टॉकमेयर यांनी मध्यममार्ग दाखवला. जाळे केव्हा ना केव्हा सुरळीत होईल, एवढेच गृहीत धरावे. तोवर निर्णयाला उशीर झाला तरी चालेल. चुकीचा निर्णय मात्र होऊ देऊ नये. पॅक्सॉस आणि राफ्ट हाच प्राधान्यक्रम पाळतात.

४. सध्याचे संशोधन

फितुरी सहन करणारे अल्गोरिदम दीर्घकाळ खर्चिक मानले जात. मिगेल कॅस्ट्रो आणि बार्बारा लिस्कोव्ह यांनी १९९९ मध्ये त्यांचे व्यवहार्य रूप दाखवले. तरी यंत्रे वाढली की संदेशांची संख्या झपाट्याने वाढे. २०१९ मधील ‘हॉटस्टफ’ने हा भार कमी केला. ब्लॉकचेनमुळे या दिशेच्या संशोधनाला वेग आला आहे.

दुसरी दिशा अनपेक्षित आहे. गूगल व फेसबुक येथील अभियंत्यांनी २०२१ मध्ये असे नोंदवले, की काही प्रोसेसर कोणतीही सूचना न देता अधूनमधून चुकीचे गणित करतात. येथे कोणाचाही दुष्ट हेतू नाही, तरीही यंत्र खोटे सांगते. त्यामुळे ‘यंत्र बिघडले तर ते थांबेल’ हे सोयीचे गृहीतक पुन्हा तपासावे लागत आहे.

सारांश

दोषसहिष्णुता म्हणजे निर्दोष यंत्र नव्हे. किती यंत्रे, कोणत्या प्रकारे बिघडू शकतात, हे आधी स्पष्टपणे मांडावे लागते. व्यवस्थेची हमी त्या गृहीतकांपुरतीच असते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. सात यंत्रांची व्यवस्था किती फितूर यंत्रे सहन करील? यंत्रे केवळ थांबणारी असल्यास किती?
२. ‘निर्णयाला उशीर चालेल, चूक चालणार नाही’ हे तत्त्व विमाननियंत्रणात तसेच लागू करता येईल का? सकारण लिहा.