आरेत मुक्कामाला आलेला कॅमेरा

फोटोग्राफी करणाऱ्या बहुतेकांना एक काळ गाठतोच. कॅमेरा चांगला असतो, हात बसलेला असतो, ताडोबा-भरतपूरच्या फेऱ्या झालेल्या असतात, हार्डडिस्क भरलेली असते. तरीही रविवारी पहाटे बॅग उचलावीशी वाटत नाही. हे सगळं कशासाठी काढायचं, या प्रश्नापाशी गाडी अडते. मला पटलेलं उत्तर मुंबईत, गोरेगाव पूर्वेला, आरेत मिळालं. गेल्या वीसेक वर्षांत तिथे काय काय टिपलं गेलं, ते ओळीने पाहिलं की ते उत्तर दिसू लागतं.

गोरेगावाला कॅमेऱ्याचं अप्रूप कधीच नव्हतं. पश्चिमेला फिल्मिस्तान १९४३ पासून, पूर्वेला चित्रनगरी १९७७ पासून. पण सिनेमाला इथली झाडी हवी असायची ती बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी जंगलाच्या नावाने. आरेची दुग्धवसाहत १९४९ साली वसली. त्याच्याही आधीपासून इथे वारल्यांचे पाडे आहेत. शेजारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे, आणि दोन्हीकडे ये-जा करणारे बिबटे आहेत. हे सगळं स्वतःच्या नावाने फोटोत यायला फार वेळ लागला.

२००४ च्या जूनमध्ये उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली. त्या काळातले जे फोटो माझ्या मनात राहिले आहेत, त्यांत पिंजरा आहे, गजांमागचे सुळे आहेत, भोवती गर्दी आहे. एकीकडून पकडलेला बिबट्या दुसऱ्याच्या जंगलात नेऊन सोडला की संघर्ष कमी होण्याऐवजी वाढतो, हे विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातल्या अभ्यासातून पुढे आलं. फोटोत मात्र हे कारण कुठेच नव्हतं. होता तो फक्त चिडलेला प्राणी.

मग काही जण आरेत नुसते जाऊन आले नाहीत, तिथेच रमले. झीशान मिर्झा आणि राजेश सानप या दोघांनी २०१० मध्ये विंचवाच्या एका नव्या प्रजातीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला आरेचंच नाव दिलं, लायकस आरेएन्सिस. अतिनील टॉर्च घेऊन रात्री फिरलं की विंचू हिरवट-निळा चमकतो, आणि पायाखालच्या पालापाचोळ्यात किती जग आहे ते कळतं. अशा वेळी काढलेल्या फोटोला बक्षीस मिळो न मिळो, तो या जमिनीच्या बाजूने साक्ष देतो.

२०११ मध्ये वनविभागाच्या पुढाकाराने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला आणि कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, कामाला जोर आला. या कामात मला फोटोग्राफीचा एक मोठा धडा दिसतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधायचे, कारण बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके उजवीकडच्यांशी जुळत नाहीत आणि ओळख पटवायला दोन्ही बाजू लागतात. चौकट वाकडी आली, शेपूट कापली गेली, फ्लॅशने गवत पांढरं पडलं, तरी चालतं. ठिपके स्वच्छ आले की झालं. अशाच फोटोंवरून निकित सुर्वे यांनी २०१५ च्या अभ्यासात उद्यान आणि परिसरातले ३५ बिबटे ओळखले. २०१८ च्या मोजणीत ही संख्या ४७ वर गेली. एवढे बिबटे आपल्याला लागून राहतात, ही गोष्ट असल्या ओबडधोबड फोटोंनी शहराला पटवून दिली.

आणि मग २०१६. नयन खानोलकर यांच्या ‘द अ‍ॅली कॅट’ या छायाचित्राला लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचा पहिला मान मिळाला. आरेतल्या वारली वस्तीतली रात्रीची अरुंद गल्ली, दोन्ही अंगांना घरं, आणि मधून चाललेला बिबट्या. कॅमेऱ्याचा आवाज आला तेवढ्यापुरती त्याने नजर वळवली आहे, बस.

हे छायाचित्र मी पुन्हा पुन्हा पाहतो ते त्यातल्या निर्णयांसाठी. बिबट्याने चौकट व्यापायची नाही, हे आधीच ठरलेलं होतं. फ्लॅश असे लावले होते की गल्लीत रोज असतो तसाच उजेड वाटावा. बिबट्या कोणत्या वाटेने येतो, कोणत्या घरांजवळून जातो, हे पाड्यातल्या लोकांनी सांगितलं. त्याआधी त्यांना विश्वासात घ्यावं लागलं. मनासारखी चौकट मिळायला चार महिने गेले. चार महिने एका गल्लीसाठी तग धरायला नुसती हौस पुरत नाही. खानोलकरांना काय दाखवायचं आहे ते पक्कं माहीत होतं: वाघोबाला देव मानणारी, भिंतीवर त्याचं चित्र काढणारी माणसं बिबट्याशेजारी कशी नांदतात, आणि जंगलाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या टॉवरमधल्यांनी ते शिकावं. हेतू एवढा स्पष्ट असला की लेन्स कोणती, वेळ कोणती, उजेड कुठून, हे प्रश्न आपोआप सुटत जातात.

४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत झाडं तोडायला सुरुवात झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने आणखी तोड थांबवायला सांगितलं, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. त्या रात्रीचे आपल्यापर्यंत पोहोचलेले किती तरी फोटो मोबाइलवर, अंधारात, धावपळीत काढलेले आहेत. फोटो म्हणून ते कच्चे आहेत आणि मला ते फार मोलाचे वाटतात. पुढे २०२१ मध्ये सुमारे २८७ हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून घोषित झालं. कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं होतं, ती २०२२ मध्ये परत आरेत आली. ऑक्टोबर २०२४ पासून आरेहून भुयारी मेट्रो धावते आहे.

या सगळ्यातून मी माझ्यापुरती दिशा घेतली. लांबचे दौरे कमी केले आणि एका पाड्याची वाट धरली. तिथे बिबट्यापेक्षा माणसांचेच फोटो जास्त निघाले: पावसाळ्यातली भातलावणी, कुडाच्या भिंतीचं सारवण, तबेल्याकडे निघालेली पोरं. सुरुवातीला मला ‘साहेब’ म्हणणाऱ्या एका आजींनी एकदा थेट विचारलं, ‘‘एवढे फोटू नेतोस, आम्हाला कधी देणार?’’ तेव्हापासून प्रिंट काढून नेतो. कोणता फोटो घरात लागतो आणि कोणता पत्र्याच्या पेटीत जातो, हे पाहून मला माझ्या कामाबद्दल जेवढं कळलं तेवढं कुठल्याही स्पर्धेच्या निकालातून कळलं नव्हतं. लागतात ते बहुतेक साधे, समोरून काढलेले, चेहरा नीट दिसणारे. आजींना आता सगळ्या घराचा एकत्र फोटो हवा आहे, मागे भिंतीवरचं चित्र पूर्ण येईल असा. त्यासाठी सकाळी नऊच्या आत यायला त्यांनी बजावलंय. नंतर माणसं कामावर जातात.