शिकवणारा हात

मंडळी, आपल्याकडे पोराला पोहायला कसं शिकवतात, ते आठवून बघा. पाठीला वाळका भोपळा बांधून त्याला विहिरीत सोडतात. शिकवणारा स्वतःच हात मारून दाखवीत राहिला, तर पोर काठावर बसून टाळ्या वाजवील; पोहायला काही यायचं नाही.

शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर शिक्षक होतो, तेव्हा त्याच्यापुढे हीच अडचण असते. टेबलाजवळ सारी भिस्त त्याच्या हातावर. शिकवताना मात्र तो हात मागे घ्यावा लागतो.

याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या ध्यानी आले, की रोगी बरा होऊन घरी जातो आणि त्याच आजाराने पुन्हा दारात येतो. पुढे अमेरिकेत शस्त्रक्रियेचे व सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन दोघे परतले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला काम मांडले.

त्या वेळी तेथील गावांत जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. त्यांतली पुष्कळशी हगवण, धनुर्वात, कुपोषण यांनी. आता सांगा, यांवर सुरी काय करणार? आधी शिकलेल्या परिचारिका गावात ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित कुटुंबांतल्या. आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, शिकत आणि गावी जाऊन तेच करीत.

यांना शिकवायचं कसं? फळ्यावर लिहून उपयोग नव्हता. हगवण लागली की पोराचं पाणी तोडायचं, अशी जुनी समजूत. तिथे ‘निर्जलीकरण’ हा शब्द घोकून घेऊन काय साधणार? त्यापेक्षा विचारावं, ‘बाई, रोप कोमेजलं तर तू पाणी तोडतेस का?’ उत्तर तिचं तीच देते. मग लिटरभर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, हे तिच्याच हातून करवावं. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, हेही तिथेच सांगावं. चव घेऊन बघावी. अश्रूंहून खारट नको. आणि शेवटी तिने ते दुसरीला शिकवून दाखवावं. तोच खरा परीक्षेचा पेपर!

फळ काय मिळालं? १९९० च्या दशकाअखेर तेथील बालमृत्यूंचे प्रमाण हजारी तीसच्या खाली आले होते. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये आणि डॉक्टर २०११ मध्ये गेले. पण त्यांनी शिकवलेलं गावात राहिलं.

मी स्वतः वर्गात तास तास बोलतो आणि घंटा झाली की समाधानाने बाहेर पडतो. जामखेडचा विचार केला म्हणजे मात्र मनाला टोचतं. गुरुजी, उद्या धडा संपला की एका मुलाला उभं करा आणि म्हणा, ‘आता हे शेजारच्याला शिकव.’ तो अडखळेल. अडखळू द्या. आपण तेवढा वेळ काठावर उभं राहायचं, लक्ष ठेवून.