तवंगाच्या आधी पोहोचायचे तर

सोलापूरपासून समुद्र दूर असला, तरी जवळच्या पाकणीच्या डेपोत येणारे इंधन मुंबईहून पुण्यामार्गे पाइपलाइनने येते आणि देशाला लागणारे बहुतेक कच्चे तेल जहाजांतूनच उतरते. तेलगळती हा एकट्या कोकणाचा प्रश्न नव्हे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. चित्रामधून सुमारे ८०० टन तेल सांडले आणि ऐन पावसाळ्यात तवंग उरण-अलिबागच्या बाजूला तिवरांत शिरला. तिवरांच्या श्वसनमुळांवर बसलेले तेल काढणे जवळजवळ अशक्य असते. काढायला चिखलात उतरलेली माणसे ते आणखी खोल तुडवतात. म्हणून खरी लढाई तेल किनाऱ्याला लागण्याआधीच्या काही तासांची असते.

तवंग कुठे जाईल हे आधीच सांगणारी संगणकीय निर्णय-साहाय्य प्रणाली हेच तास वाचवते. तवंग प्रवाहाबरोबर वाहतो, शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने वाऱ्याकडून ढकलला जातो. वारा, प्रवाह, भरती-ओहोटी आणि तेलाची जात यांवरून संगणक त्याची पुढची वाट काढतो. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेची अशी ऑनलाइन सेवा आहे. समुद्रावरच्या कारवाईची सूत्रे तटरक्षक दलाकडे असतात. तवंगाच्या या वाटेवर तिवरे, मासेमारीची ठिकाणे, बंदरे यांचा नकाशा ठेवला, की तरंगता अडथळा आधी कोणत्या खाडीला लावायचा ते ठरवता येते. तेल विरवणारी रसायने कुठे टाळायची, हेही त्यातूनच कळते. उथळ पाण्यात ती माशांच्या पिलांना घातक ठरू शकतात.

कोळ्यांना पाणी कळते, मग संगणक कशाला, असे कोणी विचारील. आपल्या खाडीचे पाणी त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही, आणि म्हणूनच त्यांची माहिती नकाशात आधीच भरायला हवी. पण रात्रीच्या अंधारात अनेक खाड्यांकडे पसरणारा तवंग एका गावातून दिसत नाही. अंदाज चुकतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर उपाय म्हणजे विमान आणि उपग्रहाच्या पाहणीने अंदाज वरचेवर दुरुस्त करणे, आणि नकाशावर एकच रेघ न दाखवता तेल फार तर कुठवर जाईल तेही दाखवणे.

मात्र नुसता अंदाज पुरत नाही. २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोर येथे तेल सांडले, तेव्हा माणसांना ते बादल्यांनी उपसावे लागले. तवंगाची वाट कळूनही अडथळे, पंप आणि उपसलेला गाळ ठेवायची जागा जवळ नसेल, तर ती माहिती वाया जाते. रायगड-रत्नागिरीच्या प्रत्येक खाडीसाठी हे साहित्य कुठे असेल आणि ते कोण उतरवील, हे जहाजे आदळण्यापूर्वी लिहून, सराव करून ठेवले पाहिजे.