डी. एन. रोडवर फुटपाथ इमारतींच्या पोटात कसा गेला?

पावसाळ्यात सीएसएमटीहून हुतात्मा चौकाकडे चालत जाणाऱ्यांना एक युक्ती पाठ असते. पश्चिमेची बाजू पकडायची, म्हणजे बराचसा रस्ता छत्री मिटून कापता येतो. डोक्यावर दगडी कमानी असतात. वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या शैलींच्या इमारती आणि खाली मात्र सलग एकच वाट. हा योगायोग नाही.

आधी इथे काय होतं?

मुंबईचा किल्ला. त्याच्या पश्चिम तटाच्या आतल्या अंगाला एक लहानसा रस्ता होता. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्यावरून त्याचं नाव पडलं हॉर्नबी रोड. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहर फुगलं आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तटबंदी पाडण्यात आली. रस्ता रुंद झाला. उत्तर टोकाला १८८८ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस पूर्ण झालं, १८९३ मध्ये समोर महापालिकेची इमारत आली. दोन्हींचे वास्तुविशारद एकच, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स.

मग कमानी कुठून आल्या?

१८९६ च्या सरकारी नियमांतून. वर गॉथिक बांधा, नाहीतर निओ-क्लासिकल. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडणं मात्र बंधनकारक. मालकाची जागा वाया जात नव्हती, कारण वरचे मजले वाटेच्या डोक्यावर येत. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर फक्त ‘इंटरफेस’ ठरवून दिला होता, आतली रचना ज्याची त्याने करावी. सव्वाशे वर्षांनंतरही तो चालतोय.

पुढे रस्त्याला डॉ. दादाभाई नौरोजींचं नाव मिळालं. भारताची संपत्ती ब्रिटनकडे कशी वाहून जाते, याचा हिशेब मांडणारा माणूस. आणि रस्ता ब्रिटिश कंपन्यांच्या दिमाखाचा! व्हाइटअवे लेडलॉ या बड्या ब्रिटिश दुकानाच्या इमारतीत तर नंतर कित्येक वर्षं खादी विकली गेली. डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ महाविद्यालयही याच रस्त्यावर, आनंद भवनात आहे.

आज अडचण कुठे आहे?

विसाव्या शतकाच्या अखेरीस दुकानांच्या पाट्यांनी कमानी झाकून टाकल्या होत्या. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली. त्यानंतर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी पाट्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं तयार केली : पाटी कमानीच्या आत बसवा, दगड झाकू नका. दुकानदार आणि भाडेकरू ‘हेरिटेज माइल असोसिएशन’ काढून यात उतरले, हे विशेष. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली.

पाटी बदलणं त्या मानाने सोपं. दगड, तुळया आणि गळकी छतं यांचा खर्च मोठा. वाट सगळ्यांची, पण ती ज्या इमारतीत आहे ती मालकाची. त्यात १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या भाड्यात डागडुजी परवडत नाही, असं मालक म्हणतात. भाडेकरू जागा सोडत नाहीत. कमानींखाली फेरीवालेही बसतात. त्यांचंही पोट याच गर्दीवर आहे.

ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो-३ ची सीएसएमटी आणि हुतात्मा चौक ही स्थानकं सुरू झाली आहेत. म्हणजे रस्त्याच्या दोन्ही टोकांना आता जमिनीखालूनही माणसं वर येतात, आणि पुढे ती याच कमानींखालून चालतात.