सिग्नलवर बंद पडणारी जुनी गाडी

आपल्यापैकी बऱ्याच घरांत पंधरा-वीस वर्षांची एखादी चारचाकी असते. कुणी ती मामूंकडून घेतलेली असते, कुणी बचतीतून सेकंडहँड. दादीला दवाखान्यात न्यायला, मुलीला परीक्षेच्या केंद्रावर सोडायला, ईदला नातेवाइकांकडे जायला तीच उपयोगी पडते. मग एके दिवशी ही गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरू लागते आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बंदच पडते. मागून हॉर्न सुरू होतात. गॅरेजमध्ये नेली की एकदा प्लग बदलतात, एकदा कॉइल, एकदा पेट्रोल पंप. पैसे जातात आणि दुखणे तिथेच राहते.

यात दर वेळी उस्तादांची लबाडी असते असे नाही. आपण त्यांना एवढेच सांगतो, "गाडी बंद पडते." डॉक्टरांना "मुलाला बरे नाही" एवढे सांगून गप्प बसण्यासारखेच हे झाले. ताप कधी येतो, खोकला रात्री वाढतो का, हे डॉक्टर विचारतातच. गाडीच्या बाबतीत हे प्रश्न आपणच स्वतःला विचारायचे आणि उत्तरे लिहून न्यायची. पेट्रोल आणि सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी हे कसे करायचे ते पाहू. (डिझेल इंजिनाचे गणित वेगळे असते.)

दोष उभ्या गाडीतच का दिसतो?

ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहते, त्याला आयडलिंग म्हणतात. छोट्या पेट्रोल गाडीत तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेते. या वेळी हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. हवा थोडी, पेट्रोलही थोडे. अशा वेळी एखाद्या चिरलेल्या रबरी पाइपातून जराशी जादा हवा आत गेली तरी मिश्रण बिघडते. वेगात असताना हवा आणि पेट्रोल भरपूर असतात, म्हणून तीच गळती जाणवत नाही. "हायवेवर झकास चालते, सिग्नलला मरते" या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते.

मिनिटाला ८५० फेरे धरले, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये ४२५ वेळा इंधन पेटायला हवे, म्हणजे सेकंदाला सात वेळा. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर चुकू लागला, तर एक तृतीयांश ताकद गेली. गॅरेजच्या भाषेत याला 'मिसिंग' म्हणतात. ठराविक ताल धरून गाडी हलत असेल, तर बहुधा एकच सिलिंडर आजारी आहे. ताल नसेल, फेरे आपोआप वर-खाली होत असतील, तर हवेच्या गळतीचा संशय आधी घ्यावा.

वहीत लिहायचे प्रश्न

आठवडाभर एक छोटी वही गाडीत ठेवा. गाडी बंद पडली की पुढचे टिपा.

१. इंजिन थंड होते की गरम? फक्त सकाळी त्रास देत असेल, तर जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक आणि इंजेक्शनच्या गाडीत तापमानाचा सेन्सर किंवा आयडलिंगचा व्हॉल्व्ह तपासावा. गरम झाल्यावर बंद पडून, थंड झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर कॉइल किंवा क्रँक सेन्सर उष्णतेने दगा देत असण्याची शक्यता असते.

२. पाय काढताच बंद पडते का? मग थ्रॉटल बॉडीत साचलेला काळा थर, किंवा कार्ब्युरेटरचा तुंबलेला स्लो जेट हे पहिले संशयित. नुसत्या सफाईनेही अनेकदा काम होते.

३. एसी किंवा हेडलाइट लावल्यावर बंद पडते का? वाढलेला भार पेलायला इंजिनाने फेरे सावरायचे असतात. ते होत नसेल, तर आयडलिंगचा व्हॉल्व्ह पाहावा. बॅटरी आणि अल्टरनेटरही तपासून घ्यावेत.

४. ब्रेक दाबल्यावर फेरे पडतात का? मग ब्रेकच्या बूस्टरला किंवा त्याच्या पाइपला गळती असू शकते. हे लांबणीवर टाकू नका, कारण ब्रेकही त्याच यंत्रणेवर चालतो.

५. पावसाळ्यातच होते का? कोकणासारख्या दमट हवेत प्लगच्या जुन्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी ओलावा धरतात आणि ठिणगी वाटेतच निसटते.

६. सीएनजीवर होते की पेट्रोलवरही? हा प्रश्न फार उपयोगाचा. फक्त सीएनजीवर त्रास असेल, तर दोष बहुधा गॅसच्या किटमध्ये. पण गॅसला जोरदार ठिणगी लागते, म्हणून प्लगही पाहावेत. फक्त पेट्रोलवर असेल, तर पेट्रोलच्या वाटेत. दोन्हीवर असेल, तर ठिणगी, हवा किंवा इंजिन यांतच.

स्वस्ताकडून महागाकडे

ही टिपणे घेऊन गॅरेजला जा आणि कामाचा क्रम ठरवून घ्या. आधी एअर फिल्टर, रबरी पाइप आणि बॅटरीची टोके. मग प्लग. प्लग काढले की ते स्वतः पाहा. टोकाला फिकट तपकिरी रंग असेल, तर ठीक. कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. तेलकट ओल असेल, तर ऑइल आत येत आहे. तीन प्लगपैकी एकच वेगळा दिसला, तर आजारी सिलिंडर सापडला. त्यानंतर थ्रॉटल बॉडीची सफाई, पेट्रोल फिल्टर, वायरी, कॉइल. टॅपेट आणि कॉम्प्रेशनची तपासणी शेवटी, पण इंजिन उघडण्याच्या आधी नक्की. कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय "इंजिन काढावे लागेल" हे मान्य करू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा, आणि बदललेला जुना भाग परत मागा. चार भाग एकदम बदलले, तर दोष कशात होता हे ना तुम्हाला कळते, ना उस्तादांना. गाडी घेऊन जाणारी घरातली बाई असेल, तर "तुम्हाला नाही कळणार, मिस्टरांना पाठवा" असेही ऐकावे लागते. हातात तारीखवार टिपण असले की हे बोलणे थांबते. खरा कारागीर तर ते वाचून खूशच होतो, कारण त्याचाही वेळ वाचतो.

बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीबाबत आणखी एक. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत महिनोन्‌महिने जुने पेट्रोल असेल, तर आधी ते बदला. जुने रबरी पाइप फुगले किंवा चिरले आहेत का, तेही पाहा.

जपायच्या गोष्टी

चालत्या गाडीत इंजिन बंद पडले, तर ब्रेक एक-दोनदाच नेहमीसारखा लागतो, नंतर पेडल कडक होते. म्हणून पेडल पुन्हापुन्हा न मारता एकदाच जोर लावून दाबून धरा. पॉवर स्टिअरिंग असेल, तर तेही जड होते. चावी बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. धोक्याचे दिवे लावून गाडी कडेला घ्या. दोष सापडेपर्यंत घाटरस्त्याचा प्रवास आणि लग्नाच्या वऱ्हाडाची जबाबदारी या गाडीवर टाकू नका.

बॉनेट उघडून पाहताना ओढणी, पदर, सैल बाह्या आवरून घ्या. पंखा आणि पट्टा क्षणात कापड ओढतात. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो जीव घेतो.

खासगी गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षे झाली की फिटनेस तपासून ती नव्याने करावी लागते. पीयूसीमध्ये पेट्रोल गाडीचा धूर आयडलिंगवरच मोजतात. म्हणजे सिग्नलला थरथरणारी गाडी तिथेही नापास होण्याचा संभव असतो. पुढची पीयूसीची तारीख पाहून ठेवा आणि त्याआधीच्या आठवड्यापासून वही सुरू करा.